धरणाला दरवाजे, आठवणीलाही दरवाजे!

दोस्ता, आजची गोष्ट स्वयंपाकघरातून सुरू होते!

आई दूध तापत ठेवते. मग कणीक मळते, भाजी चिरते, तुझ्या डब्याचं हरवलेलं झाकण शोधते. दुधाकडे ढुंकूनही बघत नाही. आणि एकदम वळून आच कमी करते! त्याच क्षणी साय फुगते, वर वर चढते आणि अगदी काठाशी येऊन थांबते. थेंबभरसुद्धा उतू जात नाही!

तिला कसं बरं कळतं? घड्याळ लावलेलं नसतं. गणित मांडलेलं नसतं.

ऐक, आईला तीन गोष्टी माहीत असतात. पातेलं किती भरलंय, आच किती मोठी आहे आणि दूध ठेवून किती वेळ झालाय. शिवाय एक चौथी गोष्ट असते, सगळ्यांत महत्त्वाची. आजवर जितक्या वेळा दूध उतू गेलं आणि ओटा पुसावा लागला, ते सगळं तिच्या लक्षात असतं!

आता सांग, पातेलं चार किलोमीटरहून लांब असेल तर? आणि सतरा मजली इमारतीएवढं उंच असेल तर?

असं पातेलं खरंच आहे! परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. त्याचं नाव येलदरी धरण!

त्र्याण्णव कोटी टाक्या!

येलदरीला पूर्णा नदी अडवली आहे. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत बरं का! एक तापीला मिळते. आपली पूर्णा गोदावरीला मिळते. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वळणं घेत घेत येते. बुलढाण्याकडे तिला खडकपूर्णा म्हणतात.

येलदरीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ५१ मीटर. पाणी मावतं सुमारे ९३४ दलघमी.

दलघमी? हे कसलं विचित्र नाव! घाबरू नकोस. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी असते ना, हजार लिटरची? ती एक टाकी म्हणजे एक घनमीटर.

मग येलदरीत अशा किती टाक्या मावतील? ओळख बघू! हजार? लाख? एक कोटी?

त्र्याण्णव कोटी चाळीस लाख!

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसं मोजली होती. त्या प्रत्येकाला, अगदी पाळण्यातल्या बाळालाही, आठ आठ टाक्या वाटल्या तरी येलदरीत पाणी उरेल!

हे पाणी वीज बनवतं. इथल्या वीजघराची क्षमता २२.५ मेगावॉट आहे. मग ते खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतात पोहोचतं. जिंतूर आणि परभणीच्या नळालाही येलदरीचंच पाणी येतं.

उतू जाऊ द्यायचं नाही, कच्चंही ठेवायचं नाही!

आता धरणावरच्या अभियंत्यांचा विचार कर. ऑगस्ट संपत आलाय. धरण जवळपास भरलंय. आभाळ काळंकुट्ट झालंय. दरवाजे उघडायचे की नाही?

आज उघडले आणि नंतर पाऊसच आला नाही तर? पाणी गेलं वाहून! मग हरभऱ्याला काय देणार आणि मे महिन्यात नळाला काय येणार?

नाही उघडले आणि रात्रीतून प्रचंड पाणी आलं तर? मग सगळे दरवाजे एकदम वर करावे लागतात. खाली नदीकाठी शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, गुरं असतात, घरं असतात.

म्हणजे दुधाचीच अडचण! लवकर उतरवलं तर कच्चं, उशीर झाला तर उतू!

पण दोन दिवस आधी कळलं तर? मग थोडं थोडं पाणी सोडता येतं. गावोगाव निरोप देता येतो. मोटारी काढून घेता येतात. कुणाची धावपळ होत नाही.

पाणी किती सोडलं हे सांगताना बातम्यांत 'क्युसेक' हा शब्द येतो. ऐकलाय ना? एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत मोठ्या दोन बादल्या पाणी! दहा हजार क्युसेक म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत वीस हजार बादल्या. बाप रे!

वरण पिणारी भाकरी

तू म्हणशील, यात अवघड काय आहे? जास्त पाऊस, जास्त पाणी. झालं!

थांब थांब! जेवायला बसल्यावर एक गंमत कर. ताटात कडक भाकरी कुस्कर. वर एक पळी वरण घाल. कुठे गेलं वरण? भाकरीने पिऊन टाकलं! दुसरी पळी घाल. तीही गायब! आता तिसरी घाल. अरेच्चा, वरण ताटभर पसरलं!

पळी तीच, वरण तेवढंच. पण पहिली पळी गडप आणि तिसरी वाहायला लागली. असं का? कारण भाकरी आता भिजली होती.

आपल्या मराठवाड्याची काळी माती अशीच आहे! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस ती घटाघटा पिते आणि नदीला फारसं काही मिळत नाही. तोच पाऊस सप्टेंबरमध्ये पडला की थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून येलदरीत!

म्हणून आज किती पाऊस पडला, एवढं कळून भागत नाही. गेल्या महिन्यात किती पडला हेही लक्षात ठेवावं लागतं. शिवाय दूर बुलढाण्याकडे पडलेलं पाणी इथे यायला वेळ लागतो. आज तिकडे मुसळधार असेल आणि येलदरीत लख्ख ऊन, तरीही धरण भरू शकतं!

एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम कोण ध्यानात ठेवणार?

इथेच येतं आपलं आजचं आश्चर्य. न्यूरल नेटवर्क!

शाळेच्या पडवीतला खेळ

तुझ्या डोक्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. एकेकटी चेतापेशी फार हुशार नसते. पण त्या एकमेकींना निरोप देतात. त्या निरोपांच्या जाळ्यातून तुला आजीचा चेहरा ओळखता येतो, सायकल चालवता येते! संगणकात असंच एक जाळं विणतात, पण आकड्यांचं. तेच न्यूरल नेटवर्क.

ते कसं चालतं? चल, शाळेच्या पडवीत खेळून बघू!

पहिल्या रांगेत तीन मुलं उभी कर. पहिल्याला सांग, बुलढाण्याकडे किती पाऊस पडला. दुसऱ्याला सांग, येलदरीजवळ किती पडला. तिसऱ्याला सांग, माती किती ओली आहे. सगळं ० ते १० मध्ये. समजा जुन्या नोंदवहीतल्या एका दिवसाचे त्यांच्याकडे आकडे आले ६, ४ आणि ८.

दुसऱ्या रांगेत चार मुलं. यातलं प्रत्येक मूल पहिल्या रांगेतल्या तिघांचंही ऐकतं. पण सारख्या कानाने नाही! कुणाचं पूर्ण ऐकतं, कुणाचं अर्धं, कुणाचं अगदी थोडं. अर्ध्या कानाने ऐकलं तर ६ चे झाले ३. पूर्ण कानाने ऐकलं तर ४ चे ४. सगळ्यांची बेरीज करायची आणि ती ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तरच बोलायचं. नाहीतर तोंडावर बोट!

शेवटी एक मूल उभं. ते या चौघांचं ऐकतं आणि जाहीर करतं, "उद्या धरणात ५ एवढं पाणी येणार!"

आता बाई तीच नोंदवही उघडतात आणि म्हणतात, "चूक! दुसऱ्या दिवशी ८ आलं होतं."

आता नीट ऐक, खरी जादू इथे आहे! ती चूक उलट्या दिशेने मागे जाते. शेवटचं मूल वळून म्हणतं, "तुझं मी फार कमी ऐकलं, उद्यापासून थोडं जास्त ऐकेन. आणि तुझं थोडं कमी." मग मधल्या रांगेतली मुलंही मागे वळून तेच करतात. प्रत्येक जण आपला कान किंचित बदलतो. फक्त किंचित!

मग वहीचं पुढचं पान. पुन्हा अंदाज, पुन्हा चूक, पुन्हा किंचित बदल. अशी हजारो पानं! हळूहळू चूक लहान लहान होत जाते.

कुणी त्यांना नियम शिकवला का? "माती ओली असेल तर जास्त पाणी येतं," असं सांगितलं का? मुळीच नाही! चुका करून करून ते त्यांनाच सापडलं. अगदी आईच्या दुधासारखं!

चूक मागे मागे पाठवायची ही युक्ती १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी जगाला पटवून दिली. यांतल्या हिंटन यांना पुढे २०२४ साली जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं!

आणि आपल्याकडे? मुंबईच्या आयआयटीत के. तिरुमलय्या आणि एम. सी. देव यांनी नदीची पातळी आधी ओळखण्यासाठी अशीच जाळी वापरली. त्यांचा शोधनिबंध १९९८ साली छापून आला. तेव्हा घरोघरी मोबाइलसुद्धा नव्हते!

आठवणीचे दरवाजे

पण आपल्या पडवीतल्या खेळात एक उणीव आहे. ओळखलीस? ती मुलं फक्त आजचं ऐकतात. कालचं विसरून जातात! आणि भाकरी तर कालच्या, परवाच्या वरणाने भिजलेली असते.

मग जाळ्याला आठवण कशी द्यायची?

१९९७ साली सेप होखराइटर आणि युर्गेन श्मिडह्युबर या दोघांनी एक नवं जाळं सुचवलं. त्याचं नाव लाँग शॉर्ट-टर्म मेमरी, थोडक्यात एलएसटीएम. त्यात आठवणीचा एक रांजण असतो. आणि त्या रांजणाला काय असतं, सांग बघू?

दरवाजे!

खरंच! शास्त्रज्ञ त्यांना 'गेट' म्हणतात. अगदी धरणाच्या गेटसारखे. एक दरवाजा ठरवतो, बाहेरून आलेल्या बातमीतलं किती आत घ्यायचं. दुसरा ठरवतो, आठवणीतलं किती आज बाहेर सांगायचं. सुरुवातीला एवढेच होते. तिसरा दरवाजा पुढच्या दोन-तीन वर्षांत बसवला गेला. तो कशासाठी असेल?

विसरण्यासाठी!

आहे की नाही गंमत? चांगलं लक्षात राहावं म्हणून विसरण्याचा दरवाजा लागला! पण विचार कर. धरणातलं पाणी कधी सोडलंच नाही तर नवं कुठे मावणार? आठवणीचंही तसंच. गेल्या वर्षीचा जून धरून बसलं तर या वर्षीचा ऑगस्ट कसा समजणार? कुठला दरवाजा केव्हा किती उघडायचा, हेही जाळं चुका करत करतच शिकतं.

येलदरी पाणी साठवते. जाळं आठवण साठवतं. दोघांनाही दरवाजे!

न दाखवलेलं बर्फ

आता सांगतो माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट. जरा जवळ ये!

२०१८ साली फ्रेडरिक क्राट्झर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेतल्या २४१ नद्यांच्या खोऱ्यांवर हे दरवाजेवालं जाळं वापरून पाहिलं. जाळ्याला रोजचा पाऊस दिला, थंडी-ऊन दिलं, हवेतला ओलावा दिला. आणि विचारलं, नदीला किती पाणी येईल?

तिथल्या काही डोंगरांत हिवाळ्यात बर्फ पडतं. ते महिनोन्महिने साठून राहतं. वसंतात वितळतं आणि मग नदी फुगते. पण जाळ्याला बर्फाचा एकही आकडा दिलेला नव्हता. बर्फ नावाचं काही असतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

जाळं अंदाज छान सांगायला लागलं. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या आठवणीच्या एका रांजणात डोकावून पाहिलं. आत काय होतं माहीत आहे?

एक आकडा! थंडी पडली की तो वाढत जायचा. ऊन तापायला लागलं की उतरत जायचा. हुबेहूब डोंगरावरच्या बर्फासारखा!

म्हणजे जाळ्याने बर्फाचा हिशोब आपला आपणच ठेवायला सुरुवात केली होती. कुणी न सांगता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आपल्या येलदरीच्या वरच्या खोऱ्यात बर्फ पडत नाही. पण तहानलेली काळी माती आहे ना! इथल्या पावसाच्या आणि पाण्याच्या वह्या वाचणारं जाळं आपल्या रांजणात मातीचा ओलावा मोजत बसू शकेल. ताटातल्या भाकरीसारखा!

नदी, रस्ता आणि पेरणी

ही नुसती प्रयोगशाळेतली गंमत नाही बरं का. भारतात केंद्रीय जल आयोगाच्या सोबतीने गूगलने पुराचा इशारा देण्याचं काम २०१८ साली गंगेकाठच्या पाटण्यातून सुरू केलं. २०२४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांच्या दरवाजेवाल्या जाळ्याची बातमी आली. ते जगातल्या ५,६८० ठिकाणच्या नद्यांच्या नोंदींवर शिकलं होतं. मोठ्या पुराबद्दल आधीच्या जागतिक पद्धतीला त्याच दिवशी जेवढं बरोबर सांगता यायचं, साधारण तेवढं हे जाळं पाच दिवस आधी सांगू लागलं. पाच दिवस! तेवढ्यात मोटारी काढून होतात, गुरं हलवून होतात, धान्य माळ्यावर चढवून होतं.

रस्त्यावरच्या गर्दीचंही असंच. मोबाइलवरचा नकाशा "अजून वीस मिनिटं" असं सांगतो, ते त्याला कसं कळतं? रस्त्यावरचे कितीतरी मोबाइल गुपचूप सांगत असतात, "मी हळू चाललोय, मी थांबलोय!" मग नकाशा रस्त्याचे छोटे छोटे तुकडे करतो. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला आपली खबर देतो, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखी. फक्त इथे निरोप बिघडत नाही! चौक तुंबला की मागच्या गल्ल्या तुंबणार, हे जाळं ओळखतं. पाणी तुंबतं तशी गर्दीही मागे मागे चढते ना! २०२० साली डीपमाइंड या कंपनीने सांगितलं की अशा जाळ्यांमुळे बर्लिन, जकार्ता, टोकियो अशा शहरांत पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज ५० टक्क्यांपर्यंत सुधारला.

आणि पेरणी? पहिला पाऊस पडला म्हणून कापूस-सोयाबीन पेरलं आणि पाऊस दडी मारून बसला, तर दुबार पेरणी! घरी हा शब्द निघाला की मोठ्यांचे चेहरे उतरतात, हे तू पाहिलं असशील. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाचा अंदाज पाठवला. तो न्यूरल नेटवर्कच्या मदतीने काढला होता. त्या वर्षी मान्सून मध्येच थबकला, आणि तो थबकणार हे या अंदाजात आधीच आलं होतं!

जाळ्याला काय जमत नाही?

खरा दोस्त खरं तेच सांगतो. तर ऐक. जाळं कधी कधी चुकतं.

त्याला फक्त वहीतली पानं माहीत असतात. वहीत कधीच नव्हता असा पाऊस कोसळला तर ते गोंधळतं. परीक्षेत पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की आपलं होतं ना, तसंच!

आणखी एक गोष्ट. येलदरीच्या वरच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण आहे. तिथले दरवाजे उघडले की ते पाणी येलदरीकडे येतं. पण ते दरवाजे पाऊस उघडत नाही, माणसं उघडतात! कुणी सांगितल्याशिवाय जाळ्याला ते कसं कळणार? म्हणून वरच्या धरणाने खालच्या धरणाला वेळेवर निरोप द्यायचा, खालच्याने नदीकाठच्या गावांना द्यायचा. रात्री दोन वाजतासुद्धा!

जाळं सांगतं, "बहुतेक एवढं पाणी येईल." दरवाजा वर करायचा की नाही, ते माणूस ठरवतो. आणि माणूस नीट ठरवू शकतो, कारण त्याच्याकडे आता थोडा वेळ असतो. जाळ्याने दिलेली सगळ्यांत मोठी भेट कुठली? वेळ!

आता तुझी पाळी!

एक जुनी वही घे. रोज तीन गोष्टी लिही. आज आठवडी बाजार आहे का? पाऊस आहे का? काल एसटी किती मिनिटं उशिरा आली? मग अंदाज कर, आज किती उशिरा येईल? एसटी आली की खरं उत्तर शेजारी लिही. चुकलं? मस्त! आता तिघांपैकी कुणाचं जास्त ऐकायचं आणि कुणाचं कमी, ते ठरव. पण बदल किंचितच कर हं!

महिन्याभराने पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी शेजारी ठेवून बघ. तुझं जाळं शिकलेलं असेल!

आणि आज संध्याकाळी दूध तापत ठेवलं की आईला म्हण, "आज कधी उतरवायचं, ते मला सांगू दे." आई शेजारी असू दे आणि एक फडकंही असू दे. पातेलं बघ, आच बघ, वेळ बघ. आणि ओरड, "आता!"

दूध उतू गेलं तर?

ओटा पूस आणि हस. तुझ्या वहीत एक पान वाढलं!